शब्द टाकण्याचे अर्थशास्त्र

पदवीच्या शेवटच्या वर्षाला गेलेल्या मुलाच्या घरी पाहुणे आले, की चहाची कपबशी हातात घेता घेता एक प्रश्न हमखास येतो, "मग, पुढं काय?" मुलगा उत्तर द्यायला तोंड उघडतो, तोच आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणते, "बघा की तुमच्या ओळखीत कुठं तर." बेळगाव, खानापूर, निपाणीच्या घरांतून हे वाक्य मराठीत ऐकू येते आणि गोकाक-बैलहोंगलच्या घरांतून कन्नडमध्ये. मराठीत आपण याला वशिला म्हणतो. कन्नडमध्ये 'वशीली' म्हणतात. मूळ अरबी शब्द 'वसीला' म्हणजे साधन, एखाद्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग. तो शब्द दोन्ही भाषांत आला, आणि दोन्हीकडे थोडा बदनाम झाला.

आपल्या महाविद्यालयात वक्तृत्व स्पर्धा असली की वशिलेबाजीवर एक विषय असतोच. अनुकूल बाजूचा वक्ता तिला समाजाला लागलेली कीड म्हणतो. प्रतिकूल बाजूचा म्हणतो की कीड म्हणा नाही तर काही म्हणा, तिच्यावाचून चालत नाही. टाळ्या दोघांनाही मिळतात. बक्षीस घेऊन दोघेही घरी जातात आणि दोघांचेही वडील संध्याकाळी कुणाला तरी भेटायला बाहेर पडलेले असतात. मात्र ही गोष्ट चालते कशी, आईवडिलांनी टाकलेल्या शब्दाला बाजारात किंमत का असते, आणि ती किंमत शेवटी कोण मोजतो, याचा हिशेब कुणी मांडत नाही. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. हिशेब मांडणे एवढेच थोडेफार येते, म्हणून हा प्रयत्न.

प्रथम मालकाच्या बाजूने पाहू. एखाद्या कारखान्याला एक मदतनीस किंवा एखाद्या दुकानाला एक हिशेबनीस हवा आहे. गुणपत्रिका सर्वांकडे असते. मुलगा वेळेवर येईल का, गल्ल्याला हात लावील का, चार महिन्यांत काम शिकून पाचव्या महिन्यात शेजारच्या दुकानात जाईल का, हे गुणपत्रिकेत छापलेले नसते. अर्थशास्त्रात याला माहितीची विषमता म्हणतात. विकणाऱ्याला मालाची खोट ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. अशा वेळी दहा वर्षे आपल्याकडे काम करणारा माणूस म्हणाला, "साहेब, माझ्या पाहुण्यातला पोरगा आहे, मी सांगतो ना," तर मालकाला दोन गोष्टी मिळतात. एक म्हणजे माहिती, तीही फुकट. दुसरी म्हणजे तारण. उद्या तो पोरगा बिघडला तर शब्द टाकणाऱ्याची मान खाली जाईल, हे मालकाला पक्के ठाऊक असते. म्हणजे ज्याची शिफारस होते त्याच्यावर लक्ष ठेवणारा बिनपगारी मुकादमही त्याला मिळाला.

माझ्या घरचेच उदाहरण देतो. माझे वडील उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत मोल्डिंगचे काम करतात. काही वर्षांपूर्वी त्यांनी गावाकडच्या एका नातेवाइकाच्या मुलाला तिथे लावून दिले. मुलगा तीन आठवडे आला आणि मग न सांगता गोव्याला गेला. त्याचे काही बिघडले नाही, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत त्याला बरे काम लागले. पण त्यानंतर दोन वर्षे माझ्या वडिलांनी कुणासाठी शब्द टाकला नाही. "माझं वजन संपलं," असे ते म्हणत. वजन संपते, ही गोष्ट मला तेव्हा समजली. पुस्तकात आम्हाला शिकवतात की धंद्याने स्वतः कमावलेली गुडविल ताळेबंदात दाखवत नाहीत, विकत घेतली असेल तरच दाखवतात. वडिलांचे तसेच होते. आयुष्यभर जमवलेली पत कुठेच लिहिलेली नव्हती, पण खर्च झाली तेव्हा घरात सर्वांना कळले.

ही पत नेमकी कशी खर्च होते याचा एक प्रयोग कोलकात्यात झाला आहे. लोरी बीमन आणि जेरेमी मॅग्रुडर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तो केला आणि २०१२ साली प्रसिद्ध केला. त्यांनी काही माणसांना एक छोटे काम देऊन सांगितले, की आता तुमच्या ओळखीतला एक माणूस या कामाला घेऊन या. काहींना त्याबद्दल ठरावीक रक्कम मिळणार होती, काहींना आणलेला माणूस जेवढे चांगले काम करील त्या मानाने. ठरावीक पैसे मिळणाऱ्यांनी घरचे, नात्यातले लोक अधिक आणले. कामावर पैसे मिळणाऱ्यांनी नातेवाईक कमी आणि सोबती, सहकारी अधिक आणले. त्यातही जे स्वतः कामात हुशार होते त्यांनी आणलेली माणसे खरोखरच चांगली निघाली. म्हणजे नात्यातला कोण कामाचा आणि कोण बिनकामाचा हे माणसाला पुरते ठाऊक असते. झळ स्वतःला बसणार नसेल तर तो भाच्याला आणतो. झळ बसणार असेल तर भाच्याची गुणपत्रिका त्याला एकदम आठवते.

आता मुलाच्या बाजूने पाहू. या विषयावर सर्वांत गाजलेले लेखन मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचे आहे. १९७३ साली त्याचा 'दुबळ्या धाग्यांचे बळ' अशा अर्थाचा एक निबंध आला आणि १९७४ साली नोकरी कशी मिळते या विषयावरचे पुस्तक. बोस्टनजवळच्या न्यूटन गावातल्या, नुकतीच नोकरी बदललेल्या सुशिक्षित लोकांना त्याने विचारले, की तुम्हाला या नोकरीची वार्ता कशी लागली? निम्म्याहून अधिक लोकांना ती ओळखीतून लागली होती. इथवर आपल्या आयांना काही नवे वाटणार नाही. नवे आहे ते पुढचे. ज्या ओळखीने नोकरी दिली ती किती घट्ट होती, असे विचारल्यावर ज्याच्याशी वारंवार गाठ पडते असा माणूस फक्त सहांत एकाला उपयोगी पडला होता. बाकीच्यांना कधीतरी भेटणाऱ्या, काही वेळा तर वर्षातून एकदाही न भेटणाऱ्या माणसाने वार्ता दिली होती. पुष्कळांनी "मित्राने सांगितले का?" या प्रश्नाला "मित्र नव्हे हो, नुसती ओळख," असे दुरुस्त करून उत्तर दिले.

याचे कारण सोपे आहे. आपला सख्खा मित्र आणि आपण एकाच गल्लीत, एकाच कट्ट्यावर बसतो. त्याला जे ठाऊक ते आपल्याला ठाऊक. जुन्या शेजाऱ्याचा मेहुणा मात्र दुसऱ्या गावात, दुसऱ्या धंद्यात असतो, त्यामुळे त्याच्याकडची वार्ता आपल्याला नवी असते. ज्यांना ही गोष्ट जुनी वाटेल त्यांच्यासाठी सांगतो, की नोकरीच्या ओळखी जुळवणाऱ्या लिंक्डइन या संकेतस्थळावर सुमारे दोन कोटी लोकांच्या जाळ्यांवर केलेला प्रयोग २०२२ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यातही फार घट्ट ओळखीपेक्षा मध्यम सैल ओळखच नोकरी बदलण्यास अधिक उपयोगी ठरली.

मग आईवडिलांचे काय? त्यांच्याइतका घट्ट धागा दुसरा नाही. ग्रॅनोव्हेटरचे म्हणणे खरे मानायचे तर बापाच्या ओळखीला फारसा अर्थ उरू नये. या प्रश्नाचे उत्तर स्वीडनमध्ये मिळते. त्या देशात कोण कुठे काम करतो आणि कोण कुणाचे अपत्य, याच्या सरकारी नोंदी नीट ठेवलेल्या आहेत. फ्रान्सिस क्रामार्झ आणि ऑस्कर स्कान्स यांनी त्या नोंदी तपासून २०१४ साली निष्कर्ष मांडले. शाळा सोडून पहिलीच नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींच्या बाबतीत आईवडिलांचे कामाचे ठिकाण फार महत्त्वाचे ठरते. शिक्षण कमी, गुण कमी, आणि देशात बेकारी अधिक असेल तर ते आणखी महत्त्वाचे ठरते. न्यूटनची माणसे अनुभवी होती, त्यांची पत त्यांच्या स्वतःच्या कामाने तयार झालेली होती. पहिल्या नोकरीच्या दारात उभ्या असलेल्या मुलाकडे स्वतःची पत नसते, म्हणून तो बापाची वापरतो. मला वाटते दोन्ही संशोधनांत विरोध नाही, वयाचा फरक आहे.

स्वीडनच्या अभ्यासातली पुढची गोष्ट वाचून मात्र मी पुस्तक मिटून काही वेळ बसलो. आईवडिलांच्या कारखान्यात लागलेल्या मुलांचा पगार सुरुवातीला बरोबरच्या इतर नव्या माणसांपेक्षा थोडा कमी असतो. पण ती टिकतात आणि त्यांचा पगार पुढे बरा वाढतो. आणि ज्या वर्षी मूल आत येते, नेमक्या त्याच वर्षापासून आई किंवा वडील यांची पगारवाढ एकदम मंदावते. त्या काळात कारखान्याचा नफा वाढत असला तरीही.

माझा थोरला भाऊ आयटीआय करून चार वर्षांपूर्वी वडिलांच्याच फौंड्रीत लागला. कारखान्याचे नाव लिहिण्याचे कारण नाही, तो इतर कारखान्यांसारखाच आहे. त्या दिवसापासून वडिलांनी जादा कामाच्या पैशाबद्दल तोंड उघडलेले नाही. पूर्वी दिवाळीच्या आधी बोनसाची बोलणी करायला चार माणसे आत जात, त्यांत ते असत. आता जात नाहीत. मी एकदा विचारले, तर म्हणाले, "पोरगं आत हाय. आता कुठल्या तोंडानं मागायचं?" स्वीडनमधल्या बापाला मराठी येत नसेल, पण वाक्य हेच असेल. भावाच्या नोकरीची किंमत कुणी मोजली हे भावाला ठाऊक आहे की नाही, मला माहीत नाही. आमच्यात ते बोलणे झालेले नाही.

आपल्याकडे या पद्धतीला मोठा इतिहास आहे. मुंबईच्या गिरण्या हे तिचे सर्वांत मोठे कारखाने म्हणायला हवेत. गिरणीचा मालक माणसे घेत नसे, जॉबर घेई. रत्नागिरी-साताऱ्याहून आलेला तरुण गाववाल्याच्या खोलीवर उतरे, खानावळीत जेवे, आणि गाववाला त्याला जॉबरपुढे उभा करी. गोव्याच्या लोकांची मुंबईत गावोगावची कुडे होती. बोटीवर जाणारा खलाशी तिथे मुक्काम करी आणि बोटीची वार्ता त्याला तिथेच लागे. सोय मोठी होती, पण तिला दात होते. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या शाही मजूर आयोगाच्या अहवालात जॉबर नोकरीला लावण्यासाठी पैसे खातो यावर कडक लिहिले आहे, आणि माणसे घेण्याचे व काढण्याचे अधिकार त्याच्याकडून काढून घेण्याची शिफारस केली आहे. १९३५ साली मुंबईच्या गिरणीमालकांनी बदली कामगारांची नोंद ठेवून त्यांना क्रमाने काम देण्याची पद्धत आणली, तीही जॉबरचे बळ कमी करण्यासाठीच. तरी ओळखीचा रस्ता पूर्ण बंद झाला नाही. बाप निवृत्त झाला की मुलाने त्याच खात्यात लागावे, ही अपेक्षा गिरणगावात राहिलीच. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. ज्या गिरणीत शब्द टाकायचा तीच राहिली नाही.

याच मुद्द्यावर कैवान मुन्शी आणि मार्क रोझेन्झ्वाइग या दोघांनी २००६ साली एक निबंध लिहिला. आम्हा मराठी माध्यमाच्या मुलांनी तो वाचलाच पाहिजे असे माझे मत आहे. त्यांनी दादरच्या शाळांत १९८२ ते २००१ या वीस वर्षांत पहिलीत दाखल झालेल्या मुलामुलींची माहिती मिळवली, सुमारे ४,९०० मराठी घरांची. प्रश्न असा होता, की १९९१ नंतर इंग्रजी येणाऱ्याला मिळणारा पगार झपाट्याने वाढला, तर मग सर्वांनीच मुलांना इंग्रजी शाळेत का घातले नाही? उत्तर ओळखीच्या जाळ्यात मिळाले. ज्या जातींच्या पुरुषांचे गिरणी, गोदी, कारखाना अशा कामांत पिढ्यान्‌पिढ्या जाळे होते, त्यांनी मुलग्यांना मराठी शाळेतच ठेवले. त्या कामांना इंग्रजी लागत नव्हते, आणि काम लावून देणारा मामा, काका तयार होता. त्याच घरांतल्या मुलींसाठी मात्र असे जाळे नव्हते, कारण त्या जाळ्यात बायका नव्हत्याच. मुलींना पकडून ठेवणारे काही नसल्यामुळे त्या इंग्रजी शाळांत गेल्या, आणि निरनिराळ्या जातींच्या मुलींमधले शिक्षणाचे अंतर कमी होत गेले. मुलग्यांमधले अंतर टिकून राहिले.

म्हणजे जे जाळे झेलते तेच अडकवतेही. वडिलांच्या ओळखी सर्व फौंड्रीच्या, मशीन शॉपच्या, टेम्पोवाल्यांच्या आहेत. थोरला भाऊ आयटीआयला गेला तेव्हा त्यांच्या ओळखी त्याच्या कामी आल्या. मी बी. कॉम. ला आलो आणि त्या सर्व ओळखी माझ्यापुरत्या निरुपयोगी झाल्या. वडिलांना एकाही चार्टर्ड अकौंटंटचे नाव ठाऊक नाही. माझ्या वर्गात असे पुष्कळ आहेत, शेतकऱ्यांची, गवंड्यांची, विणकरांची मुले. शिक्षणाने मुलगा बापाच्या धंद्यातून बाहेर पडतो आणि त्याच पावलाने बापाच्या ओळखीतूनही बाहेर पडतो, ही गोष्ट प्रवेश घेताना कुणी सांगत नाही. ज्याचे वडील बँकेत आहेत त्याच्या बाबतीत हे घडत नाही, आणि दोघांची गुणपत्रिका सारखी असली तरी शर्यत तिथेच वेगळी होते. कॅनडात माइल्स कोरॅक आणि पॅट्रिझिओ पिरायनो यांनी २०११ साली दाखवले, की तरुण पुरुषांपैकी सुमारे ४० टक्के केव्हा ना केव्हा वडिलांच्याच मालकाकडे नोकरीला होते, आणि वरच्या मिळकतीच्या घरांत हे प्रमाण फार वाढते. तेव्हा वशिला ही केवळ आपल्या देशातली वाईट खोड आहे, हे वक्तृत्व स्पर्धेतले लाडके वाक्य आता सोडून द्यावे.

मुलींचे आणखी थोडे सांगायला हवे. आफ्रिकेतील मलावी देशात बीमन, निआल केलेहर आणि मॅग्रुडर यांनी केलेल्या प्रयोगात नोकरीसाठी ओळखीचा माणूस आणायला सांगितल्यावर पुरुषांनी मुख्यतः पुरुषच आणले, त्या कामाला लायक बायका त्यांच्या ओळखीत असूनही. आमच्या घरात माझ्या बहिणीचेही हेच आहे. ताई एम. कॉम. आहे. तिच्यासाठीही वडील चार ठिकाणी शब्द टाकतात, पण स्थळासाठी. तेच पाहुणे, तोच चहा, तीच "बघा की ओळखीत." मुलग्याच्या वेळी 'कुठं तर काम' आणि मुलीच्या वेळी 'कुठं तर चांगलं घर', एवढाच फरक. ताईला सध्याची शिकवणीवर्गातली नोकरी तिने स्वतः भिंतीवरचा कागद वाचून मिळवली आहे.

आता कायद्याकडे वळू, कारण खासगी दुकान आणि सरकारी कचेरी यांत फरक केलाच पाहिजे. आपल्या भागात एके काळी सरकारी कामच वंशपरंपरेने मिळे. पाटलाचा मुलगा पाटील, कुलकर्ण्याचा मुलगा कुलकर्णी. कन्नडमध्ये गौड आणि शानभोग. बेळगाव तेव्हा मुंबई राज्यात होते. त्या राज्याने १९५० साली परगणा व कुलकर्णी वतने रद्द करण्याचा कायदा केला, आणि १९५६ साली आपण म्हैसूर राज्यात आल्यावर त्या राज्याने १९६१ साली उरलेली गावकामगारांची वतने रद्द केली. त्याआधी १९६० साली आंध्रातल्या गझुला दशरथ रामराव यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की गावकामगाराच्या जागेसाठी जुन्या धारकाच्या वारसाला अग्रक्रम देणे घटनेच्या सोळाव्या कलमाच्या विरुद्ध आहे. त्या कलमात धर्म, जात यांच्याबरोबर कूळ हाही शब्द आहे. कुणाच्या पोटी जन्मलो यावरून सरकारी नोकरी ठरता कामा नये, असा त्याचा अर्थ.

नोकरीत असताना मृत्यू झालेल्या कर्मचाऱ्याच्या घरातल्या एकाला अनुकंपा तत्त्वावर घेतात, तो अपवाद. पण उमेशकुमार नागपाल खटल्यात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचेही कारण नेमके सांगितले. घरावर अचानक आलेल्या आर्थिक संकटातून कुटुंबाला तारणे एवढाच त्याचा हेतू. जागा वारसाने मिळत नाही. रेल्वेने २००४ साली सुरक्षेशी संबंधित काही कामगारांसाठी योजना काढली होती, बापाने लवकर निवृत्ती घ्यावी आणि मुलाने लागावे. २०१० साली ती आणखी पदांना लागू झाली. हुबळीच्या बाजूची पुष्कळ रेल्वे कुटुंबे तिच्याकडे डोळे लावून होती. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०१६ साली ती समान संधीच्या तत्त्वात बसत नाही असे म्हटले, २०१७ साली ती थांबली आणि २०१८ मध्ये रेल्वेने ती गुंडाळली. माझ्या मते हे योग्यच झाले. पण ज्या गँगमनने उन्हापावसात तीस वर्षे रूळ ठोकले, त्याच्या मुलाला इतर कुठलाच वशिला नव्हता हेही खरे.

तेव्हा रेषा कुठे ओढायची? मला सुचते ती अशी. "अमुक ठिकाणी जागा आहे, अर्ज कर" असे सांगणे ही वार्ता. "हा मुलगा मी पाहिलेला आहे, प्रामाणिक आहे" ही साक्ष. "गुण कमी असले तरी घ्या, माझे काम आहे" हा दबाव, आणि पाकीट दिले तर लाच. पहिल्या दोन गोष्टींत तिसऱ्या उमेदवाराचे काही हिरावले जात नाही, निदान उघडपणे नाही. पुढच्या दोन्हींत जाते. मात्र 'उघडपणे नाही' हे शब्द मी मुद्दाम घातले आहेत. जाहिरातच न देता ओळखीच्या माणसाला घेतले, तर ज्याला वार्ताच मिळाली नाही तो हरला हे त्याला स्वतःलाही कळत नाही. सहकारी पतसंस्थांतल्या लहान जागांचे हे नेहमीचे आहे. जागा भरल्याची बातमी आणि जागा होती ही बातमी एकाच दिवशी मिळते.

सीमाभागातल्या आपल्यासारख्यांची यात एक विशेष गोष्ट आहे, तिकडे अजून कुणी पुरेसे पाहिलेले नाही असे मला वाटते. मराठी घराच्या ओळखी कोल्हापूर, पुणे, मुंबई, गोवा या दिशेला जातात. कन्नड घराच्या धारवाड, हुबळी, बेंगळूर या दिशेला. एकाच बाकावर बसणारी दोन मुले, पण त्यांच्या वार्ता उलट दिशांनी येतात. ग्रॅनोव्हेटरच्या भाषेत दोन वर्तुळांना जोडणारा धागा इथेच सापडायला हवा. मला शहरातल्या एका लेखापरीक्षकाच्या कचेरीत सुट्टीत काम मिळाले ते असेच. माझा एक वर्गमित्र कन्नड विभागातला. त्याच्या वडिलांचे मार्केट यार्डात अडत दुकान आहे. मी वर्षातून दोनदा त्यांच्या दुकानी जातो, एवढीच आमची ओळख. एकदा त्यांच्या हमालांच्या मजुरीचा हिशेब लागत नव्हता, तो मी आणि त्यांच्या मुलाने बसून लावून दिला. पुढे त्यांनीच आपल्या लेखापरीक्षकाला फोन केला. मी समोर होतो. फोनवर ते म्हणाले, "नम्म हुडुग." आपला मुलगा. मी मराठी, ते लिंगायत, ओळख वर्षातून दोन वेळची, आणि शब्द 'आपला'. शाळेत कन्नड तिसरी भाषा म्हणून कंटाळत शिकलो होतो, तिचा एवढा भाव येईल असे वाटले नव्हते.

वडिलांना सांगितले तेव्हा त्यांना आनंद झाला, पण थोडे अवघडलेही. "आपण त्यांना काय द्यायचं?" असे त्यांनी दोनदा विचारले. वडिलांच्या हिशेबात शब्द ही उधारी आहे, ती फेडायची असते. अडत दुकानदारांच्या हिशेबात तो फोन बहुधा त्याच संध्याकाळी विसरला गेला असेल. घट्ट धाग्याचा खर्च मोठा असतो आणि सैल धाग्याचा जवळजवळ नाही, हे कुठल्या पुस्तकात मी वाचलेले नाही, या दोघांकडे पाहून लिहितो आहे.

ज्यांच्या घरी असा एकही फोन करणारा नाही त्यांच्यासाठी काय करता येईल, यावर आम्ही वर्गातल्या सहा जणांनी, तीन मराठी आणि तीन कन्नड विभागातले, थोडे काम सुरू केले आहे. आपल्या महाविद्यालयातून बाहेर पडलेले जुने विद्यार्थी कुठे आहेत याची एक वही ग्रंथालयात देवघेवीच्या खिडकीजवळ ठेवली आहे. प्राध्यापकांनी आपल्या आठवणीतून नावे द्यावीत अशी विनंती आहे. काहींनी दिलीही. वहीत मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहिलेले चालते. पाच रकाने आखले आहेत: नाव, पदवीचे वर्ष, सध्याचे गाव, कामाचा प्रकार, आणि पाचवा 'नव्या मुलाने विचारले तर चालेल का'. पाचवा रकाना प्रत्येकाला फोन करून, विचारूनच भरायचा असे ठरले आहे. आतापर्यंत ज्यांना विचारले त्यांपैकी दोघांनीच नाही म्हटले. एकाने उलट विचारले, की तुमच्याकडे जीएसटीचे विवरणपत्र भरता येणारी मुलगी आहे का. आम्ही ताईचे नाव सांगितले.